अणुशास्त्र वर्गांत आलें तेव्हां

शिक्षकानें जो विषय शिकवावयाचा तो त्यास स्वतःस पूर्वीं कोणीं तरी शिकविलेला असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. १९१६ सालीं कलकत्त्याच्या अप्पर सर्क्युलर रोडवरील एका नव्या इमारतींत मात्र ही अपेक्षा बाजूस ठेवून एक वर्ग भरूं लागला. शिकविणारे दोन तरुण. दोघांचेंही वय बावीस-तेवीस वर्षांचें. दोघेही एम्. एस्सी. झालेले, परंतु पदार्थविज्ञानांत नव्हे, मिश्र गणितांत. आणि शिकवावयाचा विषय कोणता, तर ज्याची घडी युरोपांतसुद्धां अजून नीट बसली नव्हती तें अणूच्या अंतरंगाचें नवें शास्त्र. हे दोन शिक्षक म्हणजे सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा.

बोस कलकत्त्याचेच, त्यांचा जन्म १ जानेवारी १८९४ चा. साहा त्यांच्याहून तीन महिन्यांनीं वडील. ढाक्का जिल्ह्यांतील शेवडातली नांवाच्या खेड्यांत एका लहानशा किराणा दुकानदाराच्या घरीं ते जन्मले. १९०५ सालीं, वंगभंगाच्या चळवळींत, गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवर शाळकरी मुलांनीं बहिष्कार घातला, त्यांत साहाही होते. त्याबद्दल त्यांना शाळेंतून काढण्यांत आलें व त्यांची शिष्यवृत्तीही गेली. दुसऱ्या शाळेंतून पुढें येऊन ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत पोंचले, तेथें बोस यांची गांठ पडली. १९१५ सालच्या एम्. एस्सी. परीक्षेंत बोस पहिले आले आणि साहा दुसरे. जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरु त्यांना लाभले होते. पण प्लांक, बोर, आईन्स्टाईन यांचें शास्त्र त्यांना कोणींही शिकविलें नव्हतें. हिंदुस्थानांतील कॉलेजांतून पदार्थविज्ञान म्हणजे उष्णता, प्रकाश, ध्वनि, वीज हीं प्रकरणें, आणि तींही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेथें थांबलीं होतीं तेथपर्यंतचीं. रदरफोर्ड यांनीं १९११ सालीं अणूचें केंद्र दाखवून दिलें, १९१३ सालीं बोर यांनीं हायड्रोजनच्या वर्णपटांतील रेषांचा उलगडा केला. या वार्ता येथील अभ्यासक्रमाच्या कानांवर अद्यापि पडावयाच्या होत्या.

ज्या इमारतीचा उल्लेख वर आला तें कलकत्ता विद्यापीठाचें सायन्स कॉलेज. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोघां वकिलांनीं आपल्या मिळकतीचा मोठा भाग देऊन तें उभें केलें. २७ मार्च १९१४ रोजीं सर आशुतोष मुखर्जी यांच्या हस्तें त्याची कोनशिला बसली. देणगीदारांच्या नांवें निघालेल्या प्राध्यापकांच्या जागा हिंदी माणसांसच मिळाव्या, अशी त्यांत अट होती. त्या काळीं सरकारी शिक्षणखात्यांत वरच्या जागा कोणाच्या वाट्यास येत हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या अटीचें मोल वेगळें सांगावयास नको. परंतु अट घालणें सोपें, माणसें मिळणें कठीण. पालित-प्राध्यापक म्हणून निवडलेले रामन अजून सरकारच्या अर्थखात्यांत होते. ते १९१७ सालीं रुजू झाले. घोष-प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस जर्मनींत शिकावयास गेले आणि महायुद्ध पेटल्यामुळें तेथेंच अडकून पडले, ते १९१९ पर्यंत. म्हणजे इमारत होती, विद्यार्थी होते. प्राध्यापकांच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या.

अशा वेळीं या तरुणांनीं आशुतोषांकडे जाऊन नवें पदार्थविज्ञान शिकवावें अशी विनंती केली. तुम्हांला काय शिकवितां येईल, असा सरळ प्रश्न आशुतोषांनीं केला. जें सांगाल तें शिकून शिकवूं, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. आशुतोष स्वतः गणिती आणि हायकोर्टाचे न्यायमूर्ति. पुराव्यावांचून शब्द घेण्याची त्यांना संवय नव्हती. पण माणसाची पारख हा त्यांचा खरा गुण होता, आणि येथें त्यांनीं पुराव्याची वाट पाहिली नाहीं. साहांकडे क्वांटम-सिद्धांताचा अभ्यास सोंपविला, बोसांकडे सापेक्षतावादाचा. 

आतां अडचण पुस्तकांची. या शास्त्राची भाषा जर्मन, आणि जर्मनीशीं तर युद्ध चाललेलें. नियतकालिकांचें टपाल बंद. साहा इंटरमीजिएटला असतांना थोडें जर्मन शिकले होते. बोसही तें शिकले. पण भाषा येऊन ग्रंथ नसले तर उपयोग काय? ते ग्रंथ शिबपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजांत सांपडले. तेथें पॉल ब्रूल नांवाचे जर्मन भाषेचे गृहस्थ शिकवीत असत. प्रकृतीच्या कारणानें ते हिंदुस्थानांत आले आणि येथील वनस्पतींच्या नादानें येथेंच राहिले. त्यांच्या घरच्या कपाटांत प्लांक, बोल्ट्झमन, वीन, लावे यांचे ग्रंथ होते. हीं पुस्तकें या दोघांना उसनीं मिळालीं. एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या घरच्या कपाटावर एका विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम उभा राहिला, असें म्हणण्यांत फारशी अतिशयोक्ति नाहीं. सरकारी अहवालांत या कपाटाला जागा मिळण्याचा संभव अर्थातच कमी.

उसनें आणलेलें पुस्तक वाचावें, त्यांतील गणित स्वतः सोडवून पाहावें आणि मग वर्गांत जाऊन फळ्यावर मांडावें, अशी ही शिकवण होती. समोरचे विद्यार्थी वयानें शिक्षकांहून फारसे लहान नव्हते. वर्षानुवर्षें तेंच शिकविणाऱ्यास कांहीं पायऱ्या गाळून पुढें जातां येतें. संवयीनें त्या त्याला दिसेनाशाच होतात. येथें शिक्षकच पहिल्यानें चढत असल्यामुळें प्रत्येक पायरी पाय ठेवून पाहावी लागे, आणि जी डगमगे ती लक्षांत राही. या अभ्यासाचें पहिलें फळ १९१८ सालीं दिसलें. वायूंतील रेणूंना स्वतःचें आकारमान असल्यामुळें दाब, घनफळ व उष्णतामान यांच्या समीकरणांत काय फरक पडतो, यावर दोघांचा मिळून एक निबंध इंग्लंडच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्यें प्रसिद्ध झाला. १९२० सालीं आईन्स्टाईन व मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतावादावरील मूळ निबंधांचें या दोघांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठानें छापलें. प्रशांतचंद्र महालनवीस यांनीं त्याला ऐतिहासिक प्रस्तावना जोडली. इंग्रजी वाचकांस हे मूळ निबंध पहिल्यानें मिळाले ते लंडनहून नव्हेत, कलकत्त्याहून. आणि ते आधीं तयार झाले होते वर्गासाठीं.

साहा एम्. एस्सी.च्या वर्गास उष्णतागतिशास्त्र आणि वर्णपटशास्त्र हे दोन विषय शिकवीत. एरव्हीं हे विषय दोन निराळ्या माणसांकडे असतात, आणि दोन निराळ्या पुस्तकांत. एकाच माणसाच्या डोक्यांत ते शेजारीं नांदूं लागले, त्यांतून जें घडलें तें खगोलशास्त्राच्या इतिहासांत नमूद आहे. प्रश्न असा होता. सूर्याच्या वर्णपटांत कॅल्शियमच्या कांहीं रेषा अशा दिसत कीं त्या प्रयोगशाळेंत साध्या ज्योतींत क्षीण आणि विजेच्या ठिणगींत ठळक होत. आणि सूर्याच्या वातावरणांत अगदीं वरच्या, विरळ थरांत तर त्याच रेषा उठून दिसत. वर जावें तसें तेथें उष्णता वाढते काय? तसें तर कोणी मानीत नव्हतें. मग अधिक उष्णतेच्या या रेषा वर कशा?

युद्ध संपल्यावर जर्मन नियतकालिकें पुन्हां कलकत्त्यास येऊं लागलीं. त्यांत १९१९ च्या अखेरीस एगर्ट नांवाच्या शास्त्रज्ञाचा एक निबंध साहांच्या वाचनांत आला. ताऱ्यांच्या पोटांतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, या क्रियेस एगर्टनें रसायनशास्त्रांतील विघटनाचा नियम लावला होता. खडू तापविला कीं त्यांतून कर्बवायु निघून चुना राहातो. किती उष्णतेस किती भाग फुटेल याचें गणित रसायनशास्त्रज्ञांपाशीं तयारच होतें. साहांनीं तें हातीं घेतलें, पण एगर्टनें अंदाजानें घेतलेल्या आंकड्यांच्या जागीं त्यांनीं वर्णपटावरून मोजलेले आंकडे घातले. कॅल्शियमच्या अणूपासून एक इलेक्ट्रॉन तोडावयास सुमारें ६·१ व्होल्टांइतकी शक्ति लागते, पोटॅशियमला ४·३. हे आंकडे समीकरणांत बसवितांच उत्तर समोर आलें : इलेक्ट्रॉन सुटणें केवळ उष्णतेवर अवलंबून नाहीं, दाबावरही आहे. विरळ वायूंत सुटलेल्या इलेक्ट्रॉनास परत चिकटावयास सोबतीच कमी. म्हणून सूर्याच्या वरच्या थरांत, उष्णता न वाढतांही, कॅल्शियमचे अणु इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात, आणि त्या रेषा अशा अणूंच्या आहेत. हा निबंध ऑक्टोबर १९२० च्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्यें आला. रुबिडियमची रेषा सूर्यावर दिसत नाहीं याचें कारण ती धातु तेथें नाहीं हें नसून तिचे जवळजवळ सर्व अणु फुटलेले आहेत. सूर्यावरील डाग तुलनेनें थंड असतात, तेथें ती शोधावी, असेंही साहांनीं सुचविलें. पुढें अमेरिकेंत रसेल यांना ती डागांच्या वर्णपटांत सांपडली.

उष्णतागतिशास्त्र व वर्णपटशास्त्र वर्गांत शिकवीत असतांना व खगोलशास्त्रांतील प्रश्नांचा विचार करीत असतांना ही कल्पना मनांत आकारास आली, असें साहांनीं पुढें एका पत्रांत स्पष्ट लिहिलें आहे. याच सुमारास त्यांना विलायतेस जावयास मिळालें तें ज्या शिष्यवृत्त्यांवर, त्यांतील एक प्रेमचंद रायचंद यांच्या नांवाची होती. मुंबईच्या विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या पैशानें उभा राहिला, तेच हे कापसाचे व्यापारी.

बोस यांची वाट निराळी. १९२१ सालीं ढाक्का विद्यापीठ उघडलें, तेव्हां ते तेथें रीडर म्हणून गेले. साहा १९२३ सालीं अलाहाबादेस गेले. ढाक्क्यास बोस वर्गास प्लांकचा प्रारणाचा नियम शिकवीत. तापलेल्या भट्टीच्या तोंडांतून लाल, पिवळा, पांढरा असा जो प्रकाश निघतो, त्यांत कोणत्या रंगाची शक्ति किती, हें सांगणारें समीकरण प्लांकनें १९०० सालीं दिलें. समीकरण प्रयोगाशीं तंतोतंत जुळतें. पण तें सिद्ध कसें करावयाचें? सर्व ग्रंथांतून सिद्धता दोन भागांनीं होई. पहिल्या भागांत प्रकाश म्हणजे लहरी असें मानून भट्टीच्या पोकळींत किती प्रकारच्या लहरी मावतील तें मोजावयाचें. दुसऱ्या भागांत शक्ति अखंड नसून तुकड्यांतुकड्यांनीं मिळते असें मानून प्रत्येक लहरीच्या वाट्यास सरासरी किती शक्ति तें काढावयाचें. मग दोन्हींचा गुणाकार. पहिल्या भागास जुनें शास्त्र लागे, दुसऱ्यास तें खोटें ठरविणारें नवें. परीक्षेस उत्तर लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यास यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. शिकविणाऱ्यास वाटलें. हा विषय विद्यार्थ्यांस उघड करून सांगावयाचा असल्यामुळेंच त्यांतील विसंगति आपणांस टोंचूं लागली, असें बोस यांनीं पुढें अनेक वर्षांनीं सांगितलें. 

१९२४ सालीं साहा ढाक्क्यास आले आणि मित्राकडे उतरले. पाउली यांचा, आणि आईन्स्टाईन व एऱ्हनफेस्ट यांचा, असे १९२३ सालचे दोन निबंध त्यांनीं बोसांच्या नजरेस आणले. त्यांत याच अडचणीशीं झुंज होती, पण गांठ सुटली नव्हती. बोस यांनीं लहरींचा भाग सोडूनच दिला. भट्टींतील प्रकाश म्हणजे कणांचा एक वायु आहे, असें त्यांनीं मानलें. कणाचें स्थान आणि त्याचा संवेग यांच्या एकत्रित पसाऱ्याचे, प्लांकच्या स्थिरांकाच्या घनाएवढे, कप्पे पाडले. या कप्प्यांची संख्या मोजली व प्रकाशाच्या दोन ध्रुवणांसाठीं तिची दुप्पट केली. जी संख्या पूर्वीं लहरींवरून मिळे तीच, लहरींचें नांवही न घेतां, हातीं आली. मग हे कण कप्प्यांत किती परींनीं वांटतां येतील तें मोजलें, आणि प्लांकचें समीकरण अखंड उभें राहिलें.

सारी मेख या वांटणीच्या मोजणींत आहे. दोन रुपये दोन खिशांत ठेवावयाचे, तर चार परी होतात : दोन्ही उजव्या खिशांत, दोन्ही डाव्या, पहिला उजव्यांत व दुसरा डाव्यांत, किंवा त्याच्या उलट. परंतु हे दोन रुपये पेढीवर दोन खात्यांत जमा केले, तर परी तीनच : दोन्ही एका खात्यांत, दोन्ही दुसऱ्या, किंवा प्रत्येकीं एक. ‘पहिला रुपया कोणत्या खात्यांत?’ असें पेढीवर कोणी विचारीत नाहीं. खातेवहींत रकमा असतात, नाणीं नसतात. बोस यांच्या मोजणींत प्रकाशाचे कण असे रकमेसारखे आहेत. कोणत्या कप्प्यांत कोण आहे हें न पाहातां, शून्य कण असलेले कप्पे किती, एक कण असलेले किती, दोन असलेले किती, एवढेंच त्यांनीं पाहिलें.

वर्गांत फळ्यावर लिहितांना बोस यांच्या हातून चूक झाली आणि त्या चुकींतून हा शोध लागला, अशी एक आख्यायिका पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. गोष्ट सांगावयास चटकदार आहे, पण बोस यांनीं स्वतः दिलेल्या हकीकतींत ती बसत नाहीं. त्यांनीं सांगितलें तें याहून साधें, आणि अधिक नवलाचें आहे : आपण बोल्ट्झमनपेक्षां कांहीं निराळी मोजणी करीत आहों याची त्यांना त्या वेळीं जाणीवच नव्हती. आपल्याला जें स्वाभाविक वाटलें तें त्यांनीं केलें. जुन्या मोजणीची संवय ज्याच्या हाडीं खिळली आहे असा पंडित तेथें अडखळला असता.

निबंध चार पानांचा. ४ जून १९२४ रोजीं बोस यांनीं तो ढाक्क्याहून आईन्स्टाईनकडे पाठविला. ओळख कसलीच नव्हती. सापेक्षतावादावरील आपल्या निबंधांचें भाषांतर करण्यास परवानगी मागणारें कलकत्त्याचें पत्र आठवत असेल, एवढाच काय तो धागा. निबंध योग्य वाटल्यास तो जर्मन नियतकालिकांत छापण्याची व्यवस्था करावी, असें त्यांनीं लिहिलें. स्वतः भाषांतर करण्याइतकें जर्मन आपणांस येत नाहीं हेंही मोकळेपणानें सांगितलें. आईन्स्टाईननें तो स्वतः जर्मन भाषेंत उतरविला, हें महत्त्वाचें पाऊल आहे असा शेरा खालीं जोडला आणि छापावयास धाडला. २ जुलै रोजीं तो संपादकांकडे पोंचला आणि त्याच तारखेचें एक पोस्टकार्ड ढाक्क्याकडे निघालें. प्रकाशाच्या कणांस लागू पडणारी मोजणी वायूच्या अणूंसही लागू पडेल, हें ओळखून आईन्स्टाईननें पुढील कांहीं महिन्यांत स्वतःचे निबंध लिहिले. पुरेशी थंडी मिळाली तर असे अणु मोठ्या संख्येनें एकाच अवस्थेंत गोळा होतील, असें त्यांत निघत होतें. तें प्रत्यक्ष दिसावयास १९९५ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंत बोल्डर येथें रुबिडियमच्या सुमारें दोन हजार अणूंवर तो प्रयोग झाला.

ढाक्क्यांत मात्र त्या पोस्टकार्डाचें काम निराळें झालें. बोस यांचा परदेशीं अभ्यासास जाण्याचा अर्ज विद्यापीठापुढें होता. आईन्स्टाईनच्या हातचा कागद पुढें येतांच दोन वर्षांची रजा मंजूर झाली. ते पॅरिसला व नंतर बर्लिनला राहिले. १९२६ सालीं परत आले आणि १९२७ मध्यें प्राध्यापक झाले. डॉक्टरेट त्यांनीं कधींच मिळविली नव्हती. त्यानंतरही ते वर्गांतच राहिले. ढाक्क्यास १९४५ पर्यंत, पुढें कलकत्त्यास. टिपणें न घेतां ते वर्गांत येत आणि सारें गणित फळ्यावर नव्यानें मांडीत.

दरम्यान या विषयास हिंदुस्थानांत पुस्तकें मिळूं लागलीं. १९२८ च्या फेब्रुवारींत रामन यांना रेणूंमुळें बदललेल्या प्रकाशाच्या नव्या रेषा दिसल्या. त्याच वर्षीं म्युनिकचे सोमरफेल्ड कलकत्त्यास आले व लहरी-यामिकीवर बोलले. कृष्णन् यांनीं उतरून घेतलेलीं तीं व्याख्यानें विद्यापीठानें १९२९ सालीं छापलीं. अलाहाबादेस साहा यांचे वर्ग मोठे होते आणि संशोधनास साधनें तुटपुंजीं होतीं. तेथें त्यांनीं १९३१ सालीं श्रीवास्तव यांच्यासह उष्णतेवरील मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि १९३४ सालीं एन्. के. साहा यांच्यासह आधुनिक पदार्थविज्ञानावरचा. शिबपूरला खेपा घालून जें जमवावें लागलें होतें, तें आतां विद्यार्थ्यास बाजारांत विकत मिळूं लागलें.

तथापि तें इंग्रजींत. ही गोष्ट बोस यांना डांचत राहिली. आपल्याकडे १९२८ सालीं पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघालें तें ज्या हेतूनें, त्याच हेतूनें १९४८ सालीं त्यांनीं कलकत्त्यास बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली व ‘ज्ञान ओ विज्ञान’ हें बंगाली मासिक काढलें. उच्च विज्ञान बंगालींत सांगतां येणार नाहीं, असें म्हणणारे विद्वान तेव्हांही पुष्कळ होते. त्यांच्याशीं वाद घालीत न बसतां बोस यांनीं १९६३ सालीं या मासिकाचा एक खास अंक काढला. त्यांत लोकांसाठीं सोपें करून लिहिलेला एकही लेख नव्हता. सारे मूळ संशोधनाचे निबंध होते, आणि ते सर्व बंगालींत होते.